चौथ्या सीटचा तंबू

मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौघे बसतात. हा नियम रेल्वेने कुठे छापलेला नाही, पण विक्रोळीच्या फलाटावर आईचं बोट धरून उभ्या असलेल्या पोरालाही तो पाठ असतो. चौथा येतो, 'जरा सरका' म्हणतो, बसलेले तिघे सरकल्यासारखं करतात आणि चौथा आपल्या देहाचा एक तृतीयांश भाग बाकाला टेकवून उरलेला दोन तृतीयांश वाटेत तोलून धरतो. घरी गेल्यावर त्याला कुणी विचारलं, तर तो छाती पुढे काढून 'बसून आलो' असंच सांगतो. त्यात खोटं काही नसतं. खरंही फारसं नसतं.

तंबू बनवणाऱ्या कंपन्यांनी 'चार माणसांचा तंबू' ही व्याख्या बहुधा याच चौथ्या सीटवर बसून केली असावी.

हा शोध कन्नमवार नगरातल्या एका कुटुंबाला गेल्या जूनमध्ये लागला. मारोतराव कन्नमवार हे महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री. १९६२ ते १९६३ असं जेमतेम वर्षभर त्यांना ते पद लाभलं, आणि त्यांच्या नावाच्या विक्रोळी पूर्वेच्या वसाहतीत माणसांना जागाही तशीच जेमतेम लाभली. जुन्या इमारतीतली खोली दोन-सव्वादोनशे चौरस फुटांची. तीत तीन पिढ्या, एक शिलाई मशीन, देवघर, माळ्यावर गणपतीची मखरं आणि अर्थातच गोदरेजचं कपाट. कारखाना हाकेच्या अंतरावर असताना दुसरं कपाट घेणं म्हणजे सासर सोडून भलत्याच घरी दिवाळसण मागण्यासारखं. १९५१ साली पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागणाऱ्या लोखंडी मतपेट्या याच विक्रोळीत बनल्या होत्या. लहान पेटीत मोठा ऐवज बसवण्याची विद्या इथल्या मातीतच असावी.

तर अशा घरातल्या बाबांनी जाहीर केलं की यंदा काजवे बघायला भंडारदऱ्याला जायचं आणि तंबूत राहायचं. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे वळीव पडून गेल्यावर आणि मोसमी पाऊस नीट बसायच्या आत, कळसूबाईच्या पायथ्याच्या गावांतली हिरडा-बेहड्याची, सादड्याची झाडं काजव्यांनी लुकलुकतात. मुंबई-पुण्याचं निम्मं जग तेव्हा तिथे गाडी लावायला जागा शोधत असतं. राहायच्या खोल्या मार्चमध्येच संपलेल्या असतात. उरतो तो तंबू. आणि जूनमधला तंबू म्हणजे पावसातला तंबू, हे कुणी वेगळं सांगायला नको.

चौघे जाणार होते. आई, बाबा, अकरावीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. सगळ्यांनी मिळून घाटकोपरच्या बाजूला एका मोठ्या दुकानात फेरी काढली. दुकानात हिरव्या सतरंजीवर तंबू मांडलेले होते आणि वर वातानुकूलन यंत्राचा मंद वारा होता. अशा हवेत कुठलाही तंबू चांगलाच दिसतो. विक्रेत्या मुलाने बाबांचा चेहरा वाचला आणि म्हणाला, "सर, हा फोर पर्सन आहे. पूर्ण वॉटरप्रूफ."

इथे एक गंमत झाली. हेच बाबा फ्लॅट बघायला गेले की बिल्डरच्या माणसाला घाम फोडतात. बिल्टअप किती, सुपर बिल्टअप किती, लोडिंग किती टक्के, भिंतीची जाडी धरली का, डक्टचा भाग आमच्या माथी का? २०१७ साली महारेरा आल्यापासून बिल्डरला चटई क्षेत्रच सांगावं लागतं, हे कलमासकट म्हणून दाखवणारा हा माणूस. पण 'फोर पर्सन' म्हटल्यावर त्याने मान डोलावली. पन्नास वर्षांच्या कर्तबगार मुंबईकराची अक्कल दुकानाच्या दारातल्या पायपुसण्यावर राहिली.

खरं तर चटई क्षेत्र हा शब्द फ्लॅटपेक्षा तंबूलाच जास्त शोभतो. कंपनी तंबूच्या जमिनीवर खरोखर चटया अंथरते. एक चटई साधारण साठ सेंटिमीटर रुंद, म्हणजे दोन फूट. एकीला एक चिकटवून अशा जितक्या बसतील तितक्या माणसांचा तो तंबू. नेहमीचा चारजणी तंबू आतून २४० बाय २१० सेंटिमीटरच्या आसपास भरतो. गुणाकार केला की पाच चौरस मीटर, म्हणजे चोपन्न चौरस फूट. या हिशेबात कुणी कूस बदलत नाही, कुणाची उशी नाही, कुणी घोरताना हात पसरत नाही. बॅगा नाहीत, ओले बूट नाहीत, छत्री नाही, खाऊचा डबा नाही. चौथा माणूस आत आला की बॅगा बाहेर आणि बॅगा आत आल्या की चौथा बाहेर. तो दारातच एक तृतीयांश टेकून बसतो.

मुलीच्या हे लक्षात आलं, कारण तिने मोजपट्टी आणली नव्हती पण भाऊ आणला होता. तिने त्याला मांडलेल्या तंबूत आडवं व्हायला सांगितलं. तो नेहमीप्रमाणे तिरका झोपला, घड्याळात चारला वीस मिनिटं असताना काटे असतात तसा. मग आई आत गेली. मग बाबा बूट काढून आत गेले. बाहेरून ती मुलगी आणि विक्रेता शांतपणे पाहत होते. आतून बाबांचा आवाज आला, "अगं, ये की! जागा आहे!" लोकलमध्ये 'आत चला, आत जागा आहे' असं ओरडणारा माणूस नेहमी दारातच लटकलेला असतो, हे त्या मुलीला ठाऊक होतं. ती आत गेली नाही.

शेवटी सहाजणी तंबू ठरला. डोंगरभटक्यांमध्ये हा जुनाच ठोकताळा आहे. पाठीवर ओझं वाहायचं असेल तर जितकी माणसं तितक्यांचा तंबू आणि कुटुंब घेऊन गाडीने जायचं असेल तर दोन आकडे वरचा. मुलुंडला चक्रम हायकर्स नावाची डोंगरभटक्यांची नामांकित संस्था आहे. स्वतःचं नाव 'चक्रम' ठेवण्याइतका विनोद ज्या लोकांकडे आहे, ते पावसात कोरडं झोपण्याची बाब गंभीरपणे घेतात असा अनुभव आहे. आपल्याकडे नेमकं उलटं असतं.

पुढचा घोटाळा लेबलवर झाला. तिथे लिहिलं होतं ३००० मिमी. बाबांनी लगेच हिशेब मांडला. विक्रोळीत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हा तंबू तीन हजारांचा आहे, म्हणजे अख्खा पावसाळा काढून वर पाचशे शिल्लक. मोबाइलचा डेटा पॅक आणि तंबू यांची त्यांच्या मनात गल्लत झाली होती. शिवाय भंडारदऱ्याच्या पलीकडे घाटघरकडे विक्रोळीच्या दुप्पट पाऊस होतो, त्यामुळे त्यांच्याच हिशेबाने तो तंबू ऑगस्टच्या सुमाराला संपायला हवा होता.

हे तीन हजार मिलिमीटर पावसाचे नव्हेत. कापडाचा तुकडा ताणून धरतात आणि त्याच्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात. कापडाच्या दुसऱ्या अंगाला तीन ठिकाणी थेंब फुटले की थांबतात. त्या घटकेला दाब पाण्याच्या जेवढ्या उंच खांबाइतका असेल, तेवढा आकडा लेबलवर येतो. तीन हजार म्हणजे तीन मीटरचा खांब, जवळजवळ इमारतीच्या एका मजल्याइतका. पडणाऱ्या थेंबाच्या अंगात एवढा जोर नसतो, म्हणून वरच्या कापडाला दीड-दोन हजारही पुष्कळ झाले. जोर असतो तो गुडघ्यात. ओल्या जमिनीवर तंबू आहे आणि आत तिसरीतला मुलगा गुडघ्यांवर रांगत बिस्किटं शोधतो आहे. तेव्हा त्या दोन गुडघ्यांखाली जो दाब पडतो तो आकाशातून येणाऱ्या दाबाहून कितीतरी जास्त. म्हणून आकडा बघायचा तर आधी तळाचा बघावा. तो पाच हजार किंवा वर असला तर बरा. लेबलवर मात्र छपराचा आकडा मोठ्या टायपात असतो आणि तळाचा बारीक. फ्लॅटच्या जाहिरातीत तरणतलाव मोठा आणि 'चित्र केवळ कल्पनेसाठी' बारीक असतं, तसंच.

पावसाचं माप मात्र मुंबईकराने मिलिमीटरमध्ये जरूर करून बघावं, कारण ते सोपं आहे आणि झोप उडवणारं आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. (त्याच दिवशी कुलाब्याला ७३. दक्षिण मुंबईतल्या काही जणांना बाकीचं शहर बुडाल्याचं टीव्हीवर कळलं, असं विक्रोळीकर अजून जरा दातओठ खाऊन सांगतात.) त्या दिवशी पाच चौरस मीटरच्या तंबूवर ४७२० लिटर पाणी ओतलं गेलं असतं. सोसायटीत येणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरचा जवळजवळ निम्मा ऐवज. त्यातलं शंभरातलं एकच लिटर जरी आत शिरलं तरी तीन बादल्या भरतात आणि तीन बादल्यांत कुठलंही कुटुंब एकोप्याने झोपू शकत नाही.

पाणी आत शिरतं कुठून, हे आईने शोधलं. तिची दोन दशकं शिलाई मशीनवर गेली आहेत. विक्रेता वॉटरप्रूफ, वॉटरप्रूफ करत असताना तिने तंबूचं वरचं कापड हातात घेतलं, उलटं केलं आणि ब्लाउजची शिवण तपासावी तसा शिवणीवरून अंगठा फिरवत गेली. शिवण आली म्हणजे सुई आली, सुई आली म्हणजे भोक आलं, टाक्यागणिक एक. कापडाला कितीही लेप दिलेला असो, शिवणीत हजारो भोकं असतातच. ती बुजवायला आतल्या बाजूने पारदर्शक पट्टी गरम करून चिकटवतात. ती पट्टी सगळीकडे सलग होती, फक्त एका कोपऱ्यात, जिथे तीन शिवणी एकत्र येत होत्या तिथे, नखाएवढी उचलली गेली होती. आईने काही न बोलता ते टोक विक्रेत्याला दाखवलं. त्याने तेवढ्याच गुपचूप आतून दुसरा नग आणला. अख्ख्या खरेदीत तज्ज्ञाने केलेलं काम एवढंच, आणि त्याला एक मिनिटही लागलं नाही.

तंबू घरी आला आणि आजींनी तो पाहिला.

आजी कुणाच्या हिशेबातच नव्हत्या. पण पलंगावर पसरलेल्या त्या निळ्या-करड्या कापडाकडे पाहून त्या म्हणाल्या, "एवढ्याशा पालात पाचच जणं? आमच्या दिंडीत एवढ्यात अकरा बायका झोपतात." आणि मग, जणू ठरलेलंच आहे अशा सुरात, "माझी वळकटी मी घेईन." पाचवी सीट भरली.

ओल्या हवेतल्या तंबूचा विचार करताना महाराष्ट्रातल्या माणसाने दूरदेशीची उदाहरणं शोधायची गरजच नाही. दरवर्षी ज्येष्ठाच्या वद्य पक्षात आळंदीहून आणि देहूहून पालख्या निघतात आणि आषाढी एकादशीपर्यंत लाखो माणसं ऐन पावसात उघड्या माळावर मुक्काम करतात. आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर दिवे घाटात भिजायचं, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण करत वाखरीपर्यंत तळ बदलत जायचं. राहुट्या, तंबू, पालं आणि भांडीकुंडी घेऊन दिंडीचे ट्रक पुढे गेलेले असतात. चालणारे तळावर पोचेपर्यंत मेखा ठोकून झालेल्या असतात. ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजची घडी घालून दिली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैबतबाबा आरफळकरांनी. ते मूळचे शिंद्यांच्या पदरचे सरदार, त्यामुळे दिंड्यांचे क्रमांक, पुढे कोण, मागे कोण, तळ कसा पडायचा, या सगळ्याला लष्करी शिस्त आहे. कौटुंबिक सहलीत नेमकी तीच नसते.

आजींच्या सात वाऱ्या झाल्या आहेत. त्यांना मिलिमीटर ठाऊक नाहीत, पण त्यांनी तंबूकडे बोट दाखवून तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींनी बाबा घायाळ झाले. पहिला, "दाराला पडवी आहे का?" ओल्या चपला, छत्र्या, चिखलाने लडबडलेले परकर-पायजमे ठेवायला दाराबाहेर पण छपराखाली जागा लागते. ती नसली की सगळा चिखल अंथरुणात. (होती, हातभर.) दुसरा, "मेखा किती लांब आहेत?" पिशवीतून काढलेल्या मेखा उदबत्तीच्या काड्यांसारख्या निघाल्या. आजी म्हणाल्या, "सोलापूर जिल्ह्यात शिरलं ना, की काळी माती. वाळलेली असली तर मेख आत जात नाही आणि भिजली की आत राहत नाही. लोखंडाच्या वीतभर तरी घे." तिसरा प्रश्न सर्वात कठीण होता. "जमीन कोण बघणार?"

"आपण तंबू बघतोय, आई," बाबा म्हणाले.

"तंबू कसला बघतोस? पाणी काय वरूनच येतं होय?"

हा आजींचा सिद्धांत सगळ्या लेबलांना पुरून उरणारा आहे. पाऊस वरून पडतो पण माणूस भिजतो तो खालून. दिसायला सपाट, मऊ हिरवळीची जागा म्हणजे बहुतेकदा पाणी साठायचा खळगाच, नाहीतर तिथे एवढी हिरवळ येतेच कशाला? जरा उताराची, दगडगोटे वेचलेली जागा घ्यायची, उशाकडची बाजू वर ठेवायची, ओढ्याच्या कोरड्या पात्रात आणि एकट्या उंच झाडाखाली जायचंच नाही. तळावर राहुटीच्या भोवती कुदळीने वीतभर चर मारतात, वरून येणारं पाणी वळसा घालून जातं. (गवताळ पठारावर असे चर खणणं आता चांगलं समजत नाहीत. पाऊस गेल्यावरही ती जखम राहते.) आणि एक चूक तर शहाणीसुरती माणसं करतात. तंबूखाली अंथरायची ताडपत्री तंबूपेक्षा मोठी घेतात आणि तिच्या कडा ऐटीत बाहेर काढून ठेवतात. छपरावरून ओघळलेलं पाणी त्या कडेवर पडतं आणि सरळ पाठीखाली जाऊन मुक्काम करतं. ताडपत्री नेहमी चार बोटं आतच दुमडायची. विक्रोळी पश्चिमेला टेकडीच्या उतारावरच्या घरांवर दर मेमध्ये निळी ताडपत्री चढते. ती चढवणाऱ्या कुठल्याही माणसाला कडा कुठे दुमडायची आणि दगड कुठे ठेवायचा हे विचारलं असतं तर फुकट कळलं असतं. पण आपण ज्ञान विकत घेण्याच्या बाजूचे.

मराठी माणसाला एकट्यापुरता पावसाळी तंबूही माहीत आहे. भातलावणीत वाकलेल्या बाईच्या पाठीवरचं इरलं, बांबूच्या कामट्या आणि पळसाची पानं. झिप नाही, खांब नाही, हात मोकळे, हवा खेळती. फक्त आत आडवं होता येत नाही.

मग गच्चीवर रंगीत तालीम झाली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यातून डोकं काढून, "हे तात्पुरतं की कायमचं?" असं विचारलं. गच्चीवर काहीही उभं राहिलं की त्यांच्या पोटात पालिकेची नोटीस गोळा होऊन येते. त्यांना चहा देण्यात आला. तालमीत कळलं ते असं. बहुतेक तंबूंत आधी आतली जाळीदार खोली उभी करायची आणि मग तिच्यावर पावसाचं कापड चढवायचं. कोरड्या गच्चीवर हे छान जमतं. पावसात मात्र वरचं कापड सापडेपर्यंत आतली खोली न्हाऊन निघालेली असते. बनियन घालून, भिजून, मग रेनकोट चढवण्यातला हा प्रकार. काही तंबूंत आधी बाहेरचं कापड उभं राहतं किंवा दोन्ही एकत्र उभी राहतात. पावसाळ्यासाठी घ्यायचा तर तसाच बघावा. हवेत फेकला की आपोआप उघडणारा तंबूही निघाला आहे. क्वेचुआ या फ्रेंच ब्रँडने २००५ साली आणला, नावच मुळी दोन सेकंदांचं. (हिंदीच्या पुस्तकात केंचुआ म्हणजे गांडूळ हे नुकतंच शिकलेल्या मुलाला हे नाव पावसाळ्याला फार समर्पक वाटलं.) तो उघडतो दोन सेकंदांत, पण त्याची घडी घालायला एक कसब लागतं. ते हाताशी नसलं की माणूस त्या चकतीशी कुस्ती खेळतो आणि बघणारे डाव सांगतात.

उंचीचा प्रश्न आईने मांडला. कमी उंचीच्या घुमटाकार तंबूत साडी सोडाच, पॅन्टही पडूनच घालावी लागते. उभं राहता येईल असा सहा फुटी तंबू आरामाचा, पण त्याचं शीडही तेवढंच मोठं. डोंगरावरच्या वाऱ्यात तो जागा सोडायला बघतो आणि सगळी भिस्त तणाव्यांवर येते. तणावे ताणले की तंबू नीट उभा राहतो आणि रात्री लघवीला उठलेला माणूस नीट आडवा होतो. प्रत्येक सुखाची एक दोरी असते आणि ती अंधारात दिसत नाही. तणाव्यांना पांढऱ्या चिंध्या बांधायची युक्ती आजींची.

भंडारदऱ्याला पोचल्यावर पहिल्या रात्री काजवे दिसले. ते कसे दिसले याबद्दल घरातल्या पाच जणांची पाच वर्णनं आहेत, शिवाय एकाच्याही मोबाइलमध्ये एकही काजवा धड आलेला नाही, त्यामुळे तो विषय सोडून द्यावा. रात्री अकराला पाऊस आला. आणि दोन वाजता बाबांच्या कपाळावर थेंब पडला.

मुंबईत घराच्या छतातून थेंब पडला की चौकशी समिती बसते. वरच्यांचा संडास, गच्ची की बाहेरची भिंत? वरचे म्हणतात आमचं कोरडं आहे, प्लंबर म्हणतो फोडून बघावं लागेल, समिती म्हणते खर्च अर्धा अर्धा. तंबूतही तेच झालं. बाबांनी शिवणीवर संशय घेतला, आई शिवणीच्या बाजूने उभी राहिली, मुलाने पाण्याची बाटली सांडल्याचा आरोप फेटाळला. टॉर्च लावून बघितलं तर कापडाच्या आतल्या अंगावर सगळीकडे बारीक थेंब, भाताच्या झाकणाखाली असतात तसे. अकरावीच्या विज्ञानाला शेवटी काम मिळालं. मुलगी म्हणाली, "बाबा, तंबू गळत नाहीये. आपण गळतोय."

खरंच तसं असतं. झोपलेला माणूस श्वासातून आणि घामातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी हवेत सोडतो. पाच माणसं, त्यात दोरीवर वाळत घातलेले टॉवेल आणि भिजण्याच्या भीतीने घट्ट बंद केलेल्या खिडक्या. ती वाफ थंड कापडाला लागली की तिचं पुन्हा पाणी होतं. महागडा, तीन हजारांचा, पट्टी न सुटलेला तंबू जास्तच घामेजतो, कारण तो बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही तसं आतलंही बाहेर जाऊ देत नाही. म्हणून तर दुहेरी तंबू घ्यायचा. आत जाळी, बाहेर पाऊसकापड, मध्ये बोटभर अंतर, म्हणजे थेंब बाहेरच्या कापडावरून घरंगळून जमिनीवर जातात. ते अंतर मोडायचं नाही, बॅगा भिंतीला टेकवायच्या नाहीत आणि पाऊस असला तरी वरच्या झडपा उघड्या ठेवायच्या. पावसात खिडकी उघडी ठेव असं नवऱ्याला सांगणारी बायको घरी शहाणी ठरत नाही. त्या रात्री आजींनी सांगितलं म्हणून झडपा उघडल्या, आणि तासाभरात थेंब थांबले.

सकाळी पाऊस चालूच होता तेव्हा बाबांनी स्टोव्ह तंबूच्या आत घेऊन चहा टाकायचा बेत केला. इथे मात्र विनोद बाजूला ठेवावा लागतो. बंद तंबूत जाळ केला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना रंग ना वास, आणि नायलॉन पेट घेतं तेव्हा दाराची झिप शोधायला वेळ नसतो. पावसाळी मुक्कामातल्या आगीची काळजी या मुलखात जुनी आहे. छावणी हा शब्दच छावणे, म्हणजे छप्पर घालणे, यावरून आलेला आणि मराठ्यांचं सैन्य छावणी करी ते पावसाळ्यासाठी. १६७० च्या दशकात चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी ठेवलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण पुरवून वापरा, संपली की लोक रयतेचं ओरबाडतील, हे त्यात आहेच. पण त्याचबरोबर रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतकं बारीक सांगितलं आहे. एका राजाने उंदराचा विचार केला होता. बाबांनी किमान स्टोव्हचा करायला हरकत नव्हती. चहा बाहेर, छत्रीखाली झाला. अर्धा पावसाने वाढला.

दुपारी आवरून निघताना सगळ्यांनी पाहिलं की सहाव्या माणसाची जागा रिकामी राहिली नव्हती. तिथे ओल्या कपड्यांची एक बॅग, आजींची वळकटी आणि कुणी आणला हे न कळलेला एक खेकडा होता. पाच जणांना सहाचा तंबू बरोबर पुरला. चारचा घेतला असता तर कुणीतरी अजून गाडीतच झोपलेलं असतं.

घरी परतल्यावर खरी कसोटी लागली. आणताना सात किलोचा तंबू पाणी पिऊन जड झाला होता आणि तो तसाच गुंडाळून माळ्यावर टाकला तर कापडाला बुरशी येते. आतला लेपही दमट हवेत हळूहळू चिकट होतो, सोलपटतो आणि त्याला आंबूस वास सुटतो. तंबू पावसाने मरतात त्यापेक्षा माळ्यावर जास्त मरतात. पण जूनच्या विक्रोळीत वाळवणार कुठे? तिथे जीन्स तीन दिवसांत वाळत नाही. शेवटी तो दिवाणखान्यातच उभा केला, पंख्याखाली, आणि सव्वादोनशे चौरस फुटांतला मोठा भाग त्याने व्यापला. चार दिवस घरातली वाहतूक तंबूतून होत होती. स्वयंपाकघरात जायचं तर झिप उघडून आत, आणि दुसऱ्या दाराने बाहेर. मुलं आतच झोपली. बाहेर पाऊस होता, वर छप्पर होतं, आत तंबू होता. इतकं कोरडं या कुटुंबात याआधी कुणी झोपलं नव्हतं.

घ्यायचाच असेल तर एवढं पाहावं. कुटुंबापेक्षा दोन आकडे मोठा, तळ जाड, शिवणींना आतून पट्टी, दाराला पडवी, भिंती दुहेरी, मेखा वीतभर. आणि सोबत वारी केलेली एक आजी.

यंदा एप्रिलमध्ये तो तंबू पुन्हा गच्चीवर उभा राहिला. पाऊसकापड नाही, नुसती आतली जाळीची खोली. आत जुन्या धोतरावर कुरडया आणि सांडगे वाळत आहेत. सेक्रेटरींची हरकत नाही, त्यांच्याही घरचे साबुदाण्याचे पापड त्यात आहेत. कावळे सकाळपासून भोवती फिरतात, तणाव्यांवर बसतात, चोच लावून बघतात. अजून एकालाही झिप उघडता आलेली नाही.